सुरतेचा जोडा, लखनौचा समेट

मेसमध्ये राजकारण बोलायचं नाही, हा आमच्याकडचा जुना दंडक. पण शंभर वर्षांपूर्वीचं राजकारण आता इतिहासात जमा झालंय, आणि सध्या माझं पोस्टिंग लखनौला आहे. जहाल आणि मवाळ नऊ वर्षांनी पुन्हा एका मांडवात बसले, ते याच शहरात. म्हणून या वेळी त्यांच्या भांडणाविषयी.

डिसेंबर १९०७. काँग्रेसचं अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेला नेलेलं. आदल्या वर्षी कलकत्त्यात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले होते. ते आता पातळ केले जाणार, असा जहालांना संशय. टिळक बोलायला व्यासपीठावर गेले, गोंधळ उडाला आणि एक मराठी जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. मग मारामारी, पोलीस. काँग्रेस फुटली.

बरोबर कोण होतं?

गोखल्यांचं बळ अभ्यासात होतं. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. ही शिल्लक भरभराटीची नाही, जादा करवसुलीची आहे. मिठावरचा कर उतरवा, असं त्यांचं म्हणणं. मणाला अडीच रुपये असलेला तो कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर. गरिबाच्या ताटातलं मीठ स्वस्त होण्यात त्या चिकाटीचा वाटा होता.

पण अर्ज, सभा, निवेदनं सगळं होऊनही १९०५ मध्ये बंगालची फाळणी झालीच. ज्याच्या मागे लोक नाहीत त्याचा अर्ज फायलीतच राहतो, हे टिळकांनी ओळखलं होतं. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती मंडालेत काढली.

दोन्हीकडे सत्य होतं म्हणजे ते मधोमध होतं, असं मात्र नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं वय दहावरून बारा केलं. टिळकांनी त्याला विरोध केला होता. परक्या सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, हे कारण त्या दहा वर्षांच्या मुलीच्या काय कामाचं? तिथे सुधारकच बरोबर होते. म्हणून हिशोब पक्षाचा न करता प्रश्नाप्रश्नाचा करावा लागतो.

फुटीचा फायदा सरकारला झाला. टिळक तुरुंगात आणि १९०९ मध्ये मवाळांच्या पदरात मोर्ले-मिंटो सुधारणा, त्याही स्वतंत्र मतदारसंघांसकट.

फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. टिळकांनी स्मशानात त्यांचा मनापासून गौरव केला, पण ते ऐकायला गोखले नव्हते. समेट झाला डिसेंबर १९१६ मध्ये, इथे लखनौला. स्वतंत्र मतदारसंघ मान्य करून मुस्लिम लीगशीही करार झाला. त्याची किंमत पुढे मोजावी लागलीच.

त्या संयुक्त योजनेतलं एक कलम मला जवळचं वाटतं. लष्करातली कमिशनची पदं हिंदी माणसाला खुली करा. तेव्हा आपला जवान फार तर सुभेदार-मेजर किंवा रिसालदार-मेजर होई, आणि काल आलेला गोरा लेफ्टनंट त्याचा वरिष्ठ असे. काँग्रेस ही मागणी १८८७ पासून करत होती. ऑगस्ट १९१७ मध्ये नऊ हिंदी अधिकाऱ्यांना किंग्ज कमिशन मिळालं. पुढच्या वर्षी सँडहर्स्टमध्ये वर्षाला दहा जागा खुल्या झाल्या. महायुद्धाची निकड होतीच. पण नीट लिहिलेली मागणी आणि तिच्या मागे उभे राहिलेले लोक, दोन्ही एकत्र होते, हेही खरं. मागणी लिहायची शिस्त मवाळांची, लोक उभे करायची ताकद जहालांची. आज माझ्या खांद्यावर जे कमिशन आहे, त्याचं देणं मी दोघांनाही लागतो.

मतपत्रिका आली की आम्ही फौजीही मत देतो, आणि ते एकाच चिन्हाला देता येतं. मात्र आपला पक्ष कोणत्या प्रश्नावर चुकतोय आणि समोरच्याच्या कोणत्या गुणावाचून आपली मागणी लंगडी आहे, हे त्याआधी स्वतःला जरूर विचारावं.