डोलवलीचा फलक आणि संगणकाचा गाभा

कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल पळसदरी, केळवली, डोलवली अशी थांबत खालापूर तालुक्यात उतरते. समजा, तिची वेळ दहा मिनिटांनी अलीकडे आली, नवे वेळापत्रक निघाले, पण डोलवलीचा फलक बदलायचा राहून गेला. फलक कालपर्यंत बरोबरच होता. गाडी मात्र डोलवलीकराची चुकणार!

संगणकाच्या दुनियेत हा घोळ जुना आहे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा कर्नल सी भाषेत नव्याने लिहिला गेला. एवढे लिखाण एका फाइलीत मावत नाही. म्हणून सर्वांना लागणाऱ्या व्याख्या वेगळ्या ठेवतात आणि बाकीच्या फाइली त्या आरंभीच ओढून घेतात. हीच हेडर फाइल, आपले वेळापत्रक म्हणा ना. ती बदलली, की तिच्यावर विसंबलेली प्रत्येक फाइल पुन्हा कंपाइल करावी लागते. हेडर सापडलीच नाही तर संगणक निदान ओरडतो; तो दोष बरा. पण एखादी फाइल जुनीच राहिली, तर ती माहिती तिसऱ्या खणात शोधते आणि इतरांनी ती चौथ्यात ठेवलेली असते. मग सगळे बिनतक्रार तयार होते आणि चालता चालता कोसळते.

१९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतच स्टीव्ह जॉन्सन चरफडत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल केली नव्हती. बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्यात सकाळ वाया गेली होती. त्यातून फेल्डमन यांनी ‘मेक’ लिहिले. कोण कोणावर अवलंबून ते सांगा, तारखा पाहून काय नव्याने करायचे ते मी ठरवतो, असा त्याचा खाक्या.

पण ते सांगायचे कोणी? २००१ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.४ मध्ये कर्नल बांधण्यापूर्वी ‘मेक डेप’ ही आज्ञा द्यावी लागे. ती अवलंबित्वाची यादी करी. नंतर फाइली बदलल्या, की यादीच शिळी! डिसेंबर २००३ च्या २.६ मध्ये ही पायरी गेली. कंपायलर फाइल वाचताना कोणकोणत्या हेडर उघडल्या ते स्वतःच टिपून ठेवू लागला. तरी एक पेच होताच. कर्नलचे सारे पर्याय एकाच हेडरमध्ये असतात आणि ती सर्वांनाच लागते, म्हणजे एक पर्याय बदलला तरी सारे पुन्हा करा. त्यावर ‘फिक्सडेप’ हा छोटा प्रोग्रॅम आहे. फाइलीत ज्या पर्यायाचे नाव येते, तेवढ्याशीच तो तिचे नाते जोडतो. मला ही युक्ती ‘मेक’इतकीच मोलाची वाटते.

हेडरनी हेडर ओढण्याचा गुंता मात्र वाढतच गेला. तो सोडवण्यासाठी इंगो मोल्नार यांनी वर्षभराहून अधिक काळ खपून जानेवारी २०२२ मध्ये दोन हजारांहून जास्त बदल एकदम पुढे ठेवले. ते जसेच्या तसे स्वीकारले गेले नाहीत. काही तुकडे तेवढे पुढे कर्नलमध्ये आले.