आगबोटीच्या भाड्याचा हिशेब

सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव पुणे-नगर रस्त्यावर वसलेले आहे. समुद्र येथून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. पर्जन्यछायेच्या या मुलखात पाण्याची चिंता विहिरीपुरतीच असते. मग किनाऱ्यावरच्या जहाजांचा खर्च वाढला काय किंवा घटला काय, आपल्याला त्याचे काय, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या पूर्वजांच्या भाकरीतले मीठ कोकणातील मिठागरांतून वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून येत असे. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढल्यावर प्रसिद्धी पावलेली मंगळुरी कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे आली आणि पुढे घाटमाथ्यावरील घरांवरही चढली. तेव्हा समुद्रावरील भाड्याचा प्रश्न देशावरच्या माणसाच्या चुलीपर्यंत पोचतो, असे आम्हांस वाटते.

आगगाडी येण्यापूर्वी देशावरचा माल बोरघाटाने पनवेलला उतरे आणि तेथून पडावांतून मुंबईला जाई. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि बैलांच्या पाठीवरचे ओझे गाडीत आले. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावू लागली आणि १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्गाने नगर जोडले गेले. पनवेलच्या पडावांचे महत्त्व ओसरू लागले. जलमार्गाला जमिनीवरील वाहन मागे टाकते, ते बहुधा माल मध्येच उतरवून पुन्हा चढविण्याचा त्रास वाचतो म्हणून. हे सूत्र वाचकांनी ध्यानी ठेवावे. पुढील शंभर-सव्वाशे वर्षांच्या कथेत ते वारंवार भेटणार आहे.

जहाज चालविण्याचा खर्च कशाकशाचा असतो? जहाजाची किंमत व तिच्यावरील व्याज, विमा, दुरुस्ती, खलाशांचे पगार व शिधा, इंधन, बंदराची देणी आणि माल चढविण्या-उतरविण्याची मजुरी. यांपैकी पहिले चार खर्च जहाज उभे असले तरी चालूच राहतात. कोकणची प्रवासी आगबोट पावसाळ्यात बंद असे. म्हणजे आठ-नऊ महिन्यांच्या मिळकतीतून बारा महिन्यांचा खर्च भागवावा लागे. त्यातच अनेक बंदरांना धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू व सामान पडावातून किनाऱ्यास नेले जाई. प्रत्येक थांब्यावर वेळ मोडे आणि कोळसा जळे.

भाड्याचा खरा खर्च आणि आकारलेले भाडे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा धडा आपल्या देशाला परकीय कंपन्यांनी दिला. १९०६ साली व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर स्वदेशी जहाज कंपनी काढली. तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीने आपले भाडे एका रुपयावर आणले. स्वदेशी कंपनी आठ आण्यांवर उतरली. त्यावर परकीय कंपनीने फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली. १९०८ साली पिळ्ळै यांना कारावास झाला आणि १९११ पर्यंत त्यांची कंपनी संपुष्टात आली.

पुढे १९१९ साली सोलापूरचे वालचंद हिराचंद व नरोत्तम मोरारजी यांनी सिंदिया कंपनी उभारली. तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच भाग असल्याने रंगूनचा तांदूळ मुंबईस आणणे ही देशांतर्गत वाहतूकच होती. सिंदियाला बुडविण्यासाठी या तांदळाचे भाडे टनामागे १८ रुपयांवरून ६ रुपयांवर आणण्यात आले. ६ रुपयांत कोणाचाच खर्च निघत नव्हता. ज्याची तिजोरी मोठी तो तरणार, एवढाच त्याचा अर्थ. सिंदिया तगली, पण १९२३ साली तिला १० वर्षांचा जाचक करार स्वीकारावा लागला. स्वस्त भाडे पाहून हरखणाऱ्या गिऱ्हाइकाने ते स्वस्त का आहे, हेही विचारले पाहिजे.

खर्चकपातीचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत भयंकर. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईहून रेवसकडे जाताना काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. शहर हाकेच्या अंतरावर असूनही बातमी तेथे पोचण्यास कित्येक तास लागले. भर पावसाळ्यात खच्चून भरलेली बोट दर माणशी स्वस्त पडते आणि न बसविलेल्या यंत्राला काहीच खर्च येत नाही. जमाखर्चाच्या वहीत अशी बचत नफा म्हणूनच दिसते.

स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण ठरले. परकीय स्पर्धा गेली, परंतु घरातलीच स्पर्धा उभी राहिली. किनारी जहाजांचा मुख्य माल म्हणजे कोळसा आणि मीठ; आणि नेमक्या याच वस्तूंना रेल्वे सवलतीचे दर लावी. रेल्वेची तूट सरकारी अंदाजपत्रक सोशी. जहाजमालकाची तूट त्याची त्यालाच सोसावी लागे. त्यात १९७३ च्या तेलसंकटाने खनिज तेल पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत ११ डॉलरच्या वर गेले. इंधन हा जहाजाच्या खर्चातील एक मोठा घास. तोच चौपटीच्या जवळ गेल्यावर जुनी, संथ जहाजे परवडेनाशी झाली. कोकणची प्रवासी सेवा खाजगी कंपन्यांकडून सरकारी मालकीच्या मोगल लाइनकडे आली, तरी तोटा सुटला नाही. १९८० च्या दशकाअखेर ती नियमित सेवा थांबली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे खुली झाली आणि आगबोट आठवणींत जमा झाली.

या सेवेबरोबर माणसेही विखुरली. जहाजांवरील स्वयंपाकी व सेवकवर्गात गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचा मोठा भरणा असे. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात त्यांच्या गावांच्या नावाने ‘कूड’ चालत. दोन सफरींच्या मधले बेकार दिवस ते तेथे अल्प वर्गणीत काढीत. कंपनीच्या हिशेबात त्या दिवसांचा खर्च कोठेच नसे. तो या कुडांनी आणि गावाकडच्या कुटुंबांनी उचलला.

आज पुन्हा जलमार्गाकडे लक्ष वळले आहे. सरकारी प्रकाशनांत नेहमी दिले जाणारे गणित असे: एक अश्वशक्ती रस्त्यावरून १५० किलो, लोहमार्गावरून ५०० किलो, तर पाण्यावरून ४,००० किलो माल ओढते. मग सगळा माल समुद्राने का जात नाही? आपल्या सुप्याचाच कांदा घ्या. तो कोचीला पाठवायचा तर आधी ट्रकने न्हावाशेवा बंदर, तेथे चढविणे, जहाजाची वाट पाहणे, कोचीस उतरविणे आणि पुन्हा ट्रक. पाण्यावरची बचत दोन धक्क्यांवर खर्च होते, आणि कांदा नासतो तो वेगळाच. ट्रक मात्र खळ्यावरून थेट बाजारात जातो. सिमेंट, कोळसा, खत यांना ही घाई नसते. म्हणून त्यांना समुद्र परवडतो.

हे ओळखूनच मोठ्या बंदरांत किनारी जहाजांना देणी कमी ठेवली गेली. १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसकट माणसे नेणारी बोट सुरू झाली. गाडी स्वतःच चढते-उतरते, म्हणून हमालीचा खर्चच राहत नाही. २०२५ साली किनारी नौवहनासाठी स्वतंत्र कायदाही झाला. दुसरीकडे, १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा जगभर ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. इंधन महागले, पण आजवर बंदरकाठच्या लोकांची फुप्फुसे जो खर्च निमूटपणे भरीत होती, त्यातील काही भाग आता मालकाच्या वहीत आला, हे आम्ही इष्टच मानतो.

या सव्वाशे वर्षांत खर्च नाहीसा झाला असे क्वचितच घडले. बहुतेक वेळा तो एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेला: कधी दुबळ्या स्पर्धकाच्या, कधी करदात्याच्या, कधी खलाशाच्या घरच्यांच्या, तर कधी बुडालेल्या उतारूंच्या. किनारी वाहतूक पुन्हा वाढावी, अशीच आमची इच्छा आहे. मात्र नव्या बोटीचे तिकीट स्वस्त झाल्याची बातमी येईल तेव्हा, उरलेले पैसे कोण भरीत आहे, हा प्रश्न आपण विचारीत जावे.