रानाशीं असलेलें नातें व आदिवासींचें कल्याण

महोत्सव म्हणजे मागें वळून पाहण्याचा प्रसंग. देवळाचा पाया केव्हां घातला गेला, हें आम्ही अशा वेळीं आदरानें सांगतों. परंतु तो पाया ज्या भूमीवर घातला गेला तिचा, व तिच्या पहिल्या लेंकरांचा इतिहास बहुधा सांगावयाचा राहून जातो. ती उणीव अल्पांशानें तरी भरून काढावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आजचा यवतमाळ जिल्हा पूर्वीं वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें. दक्षिणेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा नदी, आणि मध्यें सागवानाच्या टेकड्या, अशी ह्या मुलखाची ठेवण. येथें गोंड, कोलाम, परधान व आंध हे लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले. कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. त्यांची बोली मराठीच्या कुळांतली नसून द्राविडी कुळांतली आहे. मोहाचीं फुलें, तेंदूचीं पानें, चारोळी, डिंक, रानभाज्या व बांबू हीं ह्या लोकांस रानानें दिलीं. परंतु रान म्हणजे केवळ कोठार नव्हे. त्यांचे देव रानांत, पूर्वजांच्या आठवणी रानांत, आणि वैद्यहि रानांतच. परधान किंगरीवर गोंडांच्या कुळकथा गातो. त्या कथांतून कुळाचें, देवांचें व भूमीचें नातें एकत्र गुंफलेलें असतें. म्हणूनच अशा लोकांपासून जमीन काढून घेतली, तर केवळ मिळकत जात नाहीं. अन्न, औषध, उपासना व आत्मसन्मान हीं सर्व एकदमच जातात.

तें कसें घडलें, तें पाहूं. १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारीं सोंपविलें. पुढें १८७८ व १९२७ ह्या सालीं हिंदुस्थानांत जंगलाचे कायदे झाले. ह्या काळांत रानें राखीव झालीं; टेकडीवरची फिरती शेती गुन्हा ठरली, आणि गवत, लांकूड व चराई ह्यांवर परवान्याचा पहारा बसला. जें काल घरचें होतें, तें आज चोरीचें झालें. सरकारास सागवान हवें होतें. सागाखालीं राहणारा माणूस त्याच्या हिशेबांत नव्हता.

१९३० च्या जुलै महिन्यांत लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं पुसद येथें राखीव जंगलांतील गवत कापून कायदा मोडला व अटक पतकरली. मूळचे वणीचे असलेले अणे यवतमाळांत वकिली करीत. त्यांचें धैर्य वंदनीय खरेंच. तथापि एक गोष्ट विसरतां कामा नये. पुढाऱ्यांस तें गवत स्वराज्याची खूण होतें. पोडांतल्या माणसास तें रोजच्या जगण्याचें साधन होतें. स्वराज्य आलें, पण पोडांतल्या माणसाचा रानावरचा हक्क त्याबरोबर आला नाहीं.

पैनगंगेपलीकडेहि हीच कथा घडली. आदिलाबादच्या डोंगरांत गोंड व कोलाम ह्यांच्या जमिनी जाऊं लागल्या, तेव्हां कुमराम भीम ह्यानें प्रतिकार केला व १९४० सालीं तो जोडेघाट येथें मारला गेला. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्याच नांवाशीं जोडली जाते. त्यानंतर निजाम सरकारनें हायमेनडॉर्फ नांवाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडून चौकशी करविली, आणि पुढें अनेक गोंडांस जमिनीचे पट्टे मिळाले. रक्त सांडल्यावर जें सुचलें, तें आधीं सुचलें असतें, तर किती बरें झालें असतें!

स्वातंत्र्यानंतर न्यायाचीं पावलें पडलीं, पण सावकाश. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्रानें १९७४ चा म्हणून केला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तर संसदेनेंच मान्य केलें कीं, वनवासी जनांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. त्या कायद्यान्वयें कसणाऱ्याच्या जमिनीचा हक्क, आणि गांवानें सामुदायिक रीतीनें रान राखण्याचा हक्कहि मागतां येतो. कोलाम ही अतिदुर्बल गणली गेलेली जमात असल्यामुळें तिच्या वसतिस्थानाचा हक्कहि त्यांत सांगितला आहे. परंतु हक्क कागदावर असणें आणि पोडांत पोंचणें, ह्यांत पुष्कळ अंतर असतें.

दुसरीकडे १९९७ सालीं पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य जाहीर झालें. वाघाचें रक्षण हवेंच; पण रानाच्या काठीं राहणाऱ्या माणसाचें काय, हा प्रश्न सुटला नाहीं. तेरा माणसांच्या मृत्यूचा आळ असलेली अवनी वाघीण २०१८ सालीं ह्याच टापूंत मारली गेली. माणूस गेला, वाघीणहि गेली; जिंकलें कोणीच नाहीं.

पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ च्या आपल्या ‘लाउदातो सी’ ह्या पत्रांत लिहिलें आहे कीं, अशा समाजांस जमीन ही विक्रीची वस्तु नव्हे. देवाचें व तेथें विसावलेल्या पूर्वजांचें तें दान होय. आम्हांस हें नवें वाटूं नये. उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्य मातींतूनच घडला आहे, व त्यास बागेची मशागत व राखण सोंपविली आहे. ज्यांनीं ती राखण केली त्यांसच रानांत परके ठरविणें, हें त्या आज्ञेशीं विसंगत नव्हे काय?

तेव्हां ह्या महोत्सवीं आम्हीं दानधर्माचा विचार अवश्य करावा. परंतु कपडा व धान्य वांटण्याआधीं शेजारच्या पोडांत जाऊन विचारावें कीं, तुमची जमीन कोणाच्या नांवावर आहे, आणि तुमच्या रानाचा दावा कोठें अडला आहे? अर्ज लिहून देणारा एक हात, कचेरींत बरोबर येणारा एक सोबती, हीसुद्धां खरी सेवाच होय. पुढच्या महोत्सवीं आमच्या इतिहासांत ह्या शेजाऱ्यांचेंहि एक पान असावें, अशी परमेश्वराजवळ प्रार्थना आहे.