पेठेची स्मृती आणि पोलिसाचा मृत्यू

पुण्याच्या नारायण पेठेचे नाव नारायणराव पेशव्यांवरून पडले आणि मोदी गणपती, पत्र्या मारुती, लकडी पूल व केसरीवाडा या खुणांभोवती तिची जी ओळख पुढे घडत गेली, तीत राजकीय स्मृतीचा वाटा मोठा आहे. या स्मृतीत फासावर गेलेले क्रांतिकारक आहेत आणि राजद्रोहासाठी तुरुंगवास भोगलेले संपादक आहेत. पोलीस मात्र तीत झडती घेणारा, पाळत ठेवणारा किंवा विसर्जनाच्या रात्री अलका चौकात बंदोबस्ताला उभा असलेला, बहुधा अनाम, असाच येतो. कर्तव्य बजावताना मारल्या गेलेल्या पोलिसाचे सार्वजनिक स्मरण करण्याची प्रथा महाराष्ट्रात फार उशिरा रुजली. हा उशीर समजून घ्यायचा तर हा पोलीस कोणाच्या वतीने उभा होता, हे आधी पाहावे लागते.

पेशवाईत शहराचा बंदोबस्त, रात्रीचा पहारा आणि बाजारावरील देखरेख ही कामे कोतवालाकडे असत. त्या पदावरील सर्वांत प्रसिद्ध माणूस घाशीराम हा १७९१ मध्ये संतप्त जमावाच्या दगडांखाली मेला. त्याच्या मृत्यूची आठवण जुलमाची शिक्षा म्हणूनच टिकली, आणि ती तशी टिकण्यात काही अन्यायही नव्हता. मात्र शहराला आपला कोतवाल आठवतो तो त्याच्या अपराधामुळे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

इंग्रजी अमलात शहर आणि पोलीस यांच्यातले हे अंतर अधिक वाढले. १८९७ च्या प्लेगमध्ये घरोघरी शिरून रोगी शोधण्याचे काम मुख्यतः गोऱ्या सैनिकांनी केले आणि लोकांचा रोष प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर रँड यांच्यावर एकवटला. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, तर रँड ३ जुलैला. हे दोघेही पोलीस नव्हते. परंतु या हत्येनंतर सरकारने शहरात ज्यादा पोलीस बसवले, म्हणजे रहिवाशांना शिक्षा म्हणून अतिरिक्त दल नेमून त्याचा खर्च त्यांच्याकडूनच वसूल करण्याचा मार्ग पत्करला. ज्या माणसाचा पगार दंड म्हणून भरावा लागतो, त्याच्या जिवाबद्दल पेठेतल्या घरांना आस्था वाटावी अशी अपेक्षा करणेच व्यर्थ होते.

या प्रकरणाच्या उत्तरार्धात एक देशी पोलीस अधिकारी थेट लक्ष्य झाला. दामोदर चापेकरांना पकडून देणाऱ्या द्रविड बंधूंचा ८ फेब्रुवारी १८९९ रोजी शेजारच्या सदाशिव पेठेत खून झाला आणि त्याच सुमारास चीफ कॉन्स्टेबल रामा पांडू याच्यावरही गोळी झाडण्यात आली. तो बचावला. चीफ कॉन्स्टेबल हे त्या काळच्या देशी माणसाला गाठता येणाऱ्या मोजक्या वरच्या जागांपैकी एक होते, आणि त्यावरील माणसाला एकीकडे गोऱ्या अधिकाऱ्यांचा हुकूम तर दुसरीकडे स्वतःच्या शहराचा तिरस्कार, अशा दुहेरी कोंडीत राहावे लागे. दामोदर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी आणि त्यांचे भाऊ वासुदेव व बाळकृष्ण आणि साथीदार महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये येरवड्यात फाशी झाली. चिंचवडला आज चापेकरांचे स्मारक आहे. रामा पांडू हे नाव मात्र खटल्याच्या हकिगतीबाहेर फारसे आढळत नाही, आणि तो त्या दिवशी मेला असता तरी त्याच्या वाट्याला दुसरे काही आले असते असे वाटत नाही.

नारायण पेठेतील गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला आणि तेथून केसरी निघू लागल्यावर पोलिसांची पावले पेठेत वारंवार वळू लागली. जून १९०८ मध्ये टिळकांना मुंबईत अटक झाल्यावर या वाड्याची झडती घेण्यात आली आणि तीत स्फोटकांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले, ते खटल्यात पुरावा म्हणून पुढे आले. पेठेच्या पुढील पिढ्यांच्या मनात पोलीस ठसला तो झडतीतल्या या पोलिसासारखा.

पुण्याबाहेरही चित्र वेगळे नव्हते. मे १९३० मध्ये सोलापुरात झालेल्या उठावात पोलीस मारले गेले आणि त्या खुनांच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यातच फाशी देण्यात आली. चौघांचे हौतात्म्य सोलापूर आजही मानते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर व आष्टी येथे गोळीबारानंतर खवळलेल्या जमावाने अधिकारी व पोलीस मारले. तेथेही स्मारके उभी राहिली ती आंदोलकांची. परकी सत्तेच्या नोकराला हुतात्मा म्हणणे लोकांना शक्य नव्हते, हे न्याय्यच आहे. तरीही त्या शिपायांमध्ये पोटासाठी पट्टा बांधलेले खेड्यांतले तरुण होते, हे नोंदवल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

स्वातंत्र्यानंतर नारायणराव कामटे हे मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक झाले, पण स्मरणाची प्रथा सुरू व्हायला आणखी एक तप लागले, आणि तिचे निमित्त पुण्यापासून फार दूर घडले. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे, बेपत्ता सहकाऱ्यांचा शोध घेणाऱ्या, करम सिंग यांच्या नेतृत्वाखालील पोलीस तुकडीवर चिनी सैनिकांनी उंचावरून गोळीबार केला. दहा जण ठार झाले आणि त्यांचे मृतदेह १३ नोव्हेंबरला परत मिळाले. जानेवारी १९६० मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेत २१ ऑक्टोबर हा दिवस पाळण्याचे ठरले, आणि तोच आजचा पोलीस स्मृतिदिन होय. मागील वर्षाच्या १ सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर मृत्यू पावलेल्यांची नावे या दिवशी वाचली जातात. त्यानंतर शोकशस्त्र, म्हणजे बंदुका उलट्या धरून दिली जाणारी मानवंदना, आणि हवेत फैरी असा क्रम असतो. हा विधी पोलीस मुख्यालयांच्या मैदानांवर होतो आणि नागरिकांना तो सहसा वर्तमानपत्रातील छायाचित्रातूनच दिसतो, ही त्याची मोठी उणीव म्हटली पाहिजे.

पोलिसांचे स्मरण आणि नागरिक यांच्यातली ही भिंत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मोडली. मुंबईवरील हल्ल्यात हेमंत करकरे, विजय साळसकर आणि नारायणराव कामट्यांचे नातू अशोक कामटे हे कामा रुग्णालयाजवळील गल्लीत मारले गेले. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत हाती लागला. या चौघांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. पूर्वी सैन्यात असलेले ओंबळे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे होते, आणि काठी घेऊन बंदुकीसमोर गेलेल्या या माणसाने जनमानसातील शिपायाचे चित्र बदलले. कसाबला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. चापेकर आणि कसाब यांची बरोबरी कोणी करू नये. परंतु एकाच तुरुंगाच्या इतिहासात एके काळी फासावर जाणाऱ्यासाठी शहर रडले, आणि शंभराहून अधिक वर्षांनी ते मारल्या गेलेल्या पोलिसाच्या बाजूने उभे राहिले, यात सत्ता आणि समाज यांच्या नात्यातला पालट दिसतो.

हा पालट मात्र सर्वांना सारखा लाभला नाही. ऑक्टोबर २००९ च्या स्मृतिदिनाच्या कालखंडात मुंबईच्या वीरांबरोबरच गडचिरोलीत १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे मारले गेलेले १५ आणि २१ मे रोजी हत्तीगोटा येथे मारले गेलेले १६ पोलीस येतात, ज्यांत महिला शिपाईही होत्या. ८ ऑक्टोबरला लाहेरीत पडलेले १७ जण ३१ ऑगस्टच्या मर्यादेमुळे पुढील वर्षाच्या गणतीत जातात. कामटे आणि ओंबळे ही नावे पुण्यातला शाळकरी मुलगाही सांगेल. लाहेरी नकाशावर कोठे आहे, हे मोठ्यांनाही सांगता येणार नाही. राजधानीत, टीव्हीच्या प्रकाशात झालेला मृत्यू आणि जंगलात झालेला मृत्यू यांच्या स्मरणात असा फरक पडतो. दिल्लीत २१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकाच्या भिंतीवर ३४ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. तेथे हुद्द्याने आणि ठिकाणाने भेद केला नाही, ही त्या भिंतीची जमेची बाजू आहे.

पुण्याच्या पेठांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी वाडे, देवळे आणि तालमी यांची नोंद फार मेहनतीने केली आहे. चौक्या, त्यांतले शिपाई आणि त्यांच्यातले मृत यांची नोंद अजून व्हायची आहे. खटल्यांचे कागद, जुनी वृत्तपत्रे आणि स्मृतिदिनाच्या याद्या ही साधने त्यासाठी आहेत, आणि केसरीच्याच पेठेतल्या अभ्यासकांनी हे काम हाती घ्यावे.