सहा बिटांत मावलेली मींड

एचएमव्हीने १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी काढली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात मुरलेल्या या वादकाने भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर वाजवले: ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि तालासाठी टीआर-८०८.

पहिल्या दोन यंत्रांत ध्वनी निर्माण करणारे ऑसिलेटर ॲनालॉग, तर स्वर सांभाळणारी यंत्रणा डिजिटल. आकड्याचे व्होल्टेज करण्याचे काम डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरचे, म्हणजे डॅकचे. सिंथेसायझरनिर्माते मूग यांच्या यंत्रांपासून रूढ झालेल्या मापात एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो. त्या हिशेबाने अर्धस्वर सुमारे ८३ मिलिव्होल्टचा आणि त्याचा शंभरावा भाग, सेंट, ०.८३ मिलिव्होल्टचा होतो.

टीबी-३०३ मधला डॅक अवघ्या ६ बिटांचा. त्याच्या ६४ पायऱ्या, दर पायरी एक अर्धस्वर. पाच सप्तकांना त्या पुरतात. मग एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा त्याचा बास येतो कुठून? डॅकच्या पुढे एक कपॅसिटर हळूहळू भरतो आणि व्होल्टेज अखंड सरकते. मींड आकड्यांत नसून त्यांच्यानंतरच्या सर्किटात आहे, म्हणून तिच्यासाठी एकही जादा बिट लागला नाही. ही रचना स्वस्त होती आणि तितकीच सुंदरही. मात्र भैरवातला किंचित उतरलेला, आंदोलित कोमल रिषभ या ६४ पायऱ्यांत सापडत नाही.

ज्युपिटर-८ चे काम अधिक नाजूक. त्यात आठ स्वर एकदम वाजतात आणि दर स्वराला दोन ऑसिलेटर. त्याचा डॅक १२ बिटांचा. १० व्होल्टच्या पट्ट्यात त्याची एक पायरी २.४४ मिलिव्होल्टची, म्हणजे जवळजवळ ३ सेंटची. ८१/८० ही लहान श्रुती २१.५ सेंटची असल्याने तिच्यासाठी एवढी बारकाई पुरते. दोन ऑसिलेटर एकसुरात वाजले की मात्र खोट उघडी पडते: ४४० हर्ट्झजवळ ३ सेंटचा फरक सुमारे १.३ सेकंदांना एक ठोका देतो. रोलंडने या यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत १४ बिटांचा डॅक घातला. त्याच पट्ट्यात तेवढ्या बिटांची पायरी ०.७३ सेंटवर येते.

बिट वाढवून सगळे साधत नाही. तापमान बदलले की ॲनालॉग ऑसिलेटर यापेक्षा जास्त सरकतात, म्हणून ज्युपिटर-८ ला स्वतःचे सूर जुळवून घेण्याची सोय द्यावी लागली. १६ बिटांच्या डॅकची पायरी ०.१५ मिलिव्होल्टपर्यंत उतरते. तिचा खरा उपयोग प्रत्येक ऑसिलेटरची ही चूक मोजून बारीक दुरुस्ती करण्यात होतो.