कृष्णाकाठच्या कवितेतला निसर्ग

कृष्णाकाठच्या कवितेत निसर्ग प्रथम आला तो नात्यातले माणूस म्हणून. उभे राहून पाहण्याजोगे दृश्य म्हणून तो फार उशिरा आला. महाबळेश्वरला उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर आणि सांगली अशी वाट काढणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात पुराणकथा, संतांची रचना, बायकांच्या ओव्या, धनगरांची गाणी आणि छापील कविता एकापाठोपाठ एक आल्या. नवी आली म्हणून जुनी मात्र उठून गेली नाही.

या कवितेमागचा भूगोल टोकाचा आहे. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिथून दीडशे किलोमीटरांच्या आत, पूर्वेला, माण आणि आटपाडीचा दुष्काळी मुलूख लागतो. तिथे पाचशे मिलिमीटर पडला तर वर्ष चांगले गेले म्हणायचे. एकाच खोऱ्यातल्या एका माणसाला पाऊस कधी थांबेल याची काळजी आणि दुसऱ्याला तो कधी येईल याची. दोघांच्या गाण्यातला पाऊस सारखा असणे शक्यच नव्हते.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने १२१५च्या सुमारास इथे कृष्णेच्या उगमाशी लहानसे देऊळ आणि कुंड बांधल्याचे सांगितले जाते. स्कंदपुराणाशी जोडलेल्या ‘कृष्णामाहात्म्या’त या नद्यांची कथा येते. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले गेले. संतापलेल्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा आणि ब्रह्मदेवाची ककुद्मती, म्हणजे आजची कोयना. सावित्री आणि गायत्रीही नद्या झाल्या, पण त्या पश्चिमेला कोकणात उतरल्या. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पाणी दोन समुद्रांकडे का वाटले जाते, याचे हे घरगुती भांडणातून दिलेले उत्तर आहे. कथा रचणाऱ्याला जलविभाजक नेमका ठाऊक होता, हे मान्य करावेच लागते. याच मंदिरात सरस्वती साठ वर्षांनी आणि भागीरथी बारा वर्षांनी प्रकटते अशी श्रद्धा आहे. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते, या समजुतीतून ‘कन्यागत’ पर्वकाळ चालत आला.

पंडित कवींनी मात्र दारातल्या नदीकडे फारसे पाहिले नाही. वाईजवळ कृष्णेच्या काठी भोगाव येथे वामनपंडितांची समाधी दाखवतात. त्यांच्या ‘वनसुधे’तले वन वृंदावनाचे आहे आणि त्यातली नदी यमुना. ज्या काव्यपरंपरेत ते लिहीत होते, तिच्यात फुले, ऋतू आणि पक्षी आधीच ठरलेले होते. कवीने त्यांची मांडणी तेवढी करायची.

समर्थ रामदासांची गोष्ट वेगळी. चाफळ, मसूर, शहापूर, सज्जनगड या परिसरात त्यांचे उत्तरायुष्य गेले आणि १६८२ साली सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. चाफळच्या मंदिरातली राममूर्ती त्यांना अंगापूरच्या डोहात, कृष्णेच्या पाण्यात सापडली अशी परंपरा आहे. ‘दासबोधा’च्या सोळाव्या दशकात सूर्य, पृथ्वी, आप, अग्नी आणि वायू यांना एकेक समास दिलेला आहे. तत्त्वज्ञान सांगण्यासाठी बांधलेल्या या समासांत झरे, विहिरी, पाट, समुद्र, पाण्याच्या चवी आणि त्यावर जगणारी सृष्टी यांची जी यादी येते, ती डोळे उघडे ठेवून गावोगाव फिरलेल्या माणसाची आहे. त्यांचे ‘बागप्रकरण’ तर सरळ झाडांची नामावळी आहे. वृक्ष, वेली, फुलझाडे, भाजीपाला यांची नावे एकामागून एक येत राहतात. काव्य म्हणून ते रूक्ष वाटेल. पण झाडाला नावाने ओळखणे ही निसर्गाशी नाते जोडण्याची पहिली पायरी मानली, तर सतराव्या शतकातल्या मराठी कवितेत त्याच्या तोडीचे फार थोडे सापडते.

रामदासांनी शिवथर घळीचे, तिच्या माथ्यावरून कोसळणाऱ्या धबधब्याचे आणि त्याच्या आवाजाचेही वर्णन केले. ही घळ सह्याद्रीच्या कोकणाकडच्या उतारावर, आजच्या महाड तालुक्यात आहे. मधल्या काळात तिचा ठिकाणा लोकांच्या स्मरणातून गेला होता. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती पुन्हा शोधून काढली. त्या रचनेत पाण्याचा प्रचंड नाद आहे, धुके आहे आणि त्याच नादात ध्यानाला मिळणारी विश्रांती आहे. रामदासांना निसर्गसौंदर्य दिसत नव्हते असे म्हणणाऱ्याने ती एकदा वाचावी.

संतांच्या आणि पंडितांच्या रचना पोथ्यांत राहिल्या. जात्यावर पीठ पाडणाऱ्या बायकांची कविता त्यांच्या तोंडी राहिली. कृष्णा, कोयना, वेण्णा या तिथे बाया आहेत. कृष्णेला नाव घेऊन हाक मारायची, तिला सुखदुःख सांगायचे, तिच्याबरोबर माहेरी निरोप धाडायचा, हा या ओव्यांचा रिवाज. पाऊस येतो तो भावाच्या शेतावर, विजेचा कडकडाट होतो तो रानात असलेल्या धन्याच्या डोक्यावर, वड-पिंपळ दिसतात ते सावलीला बसलेल्या माणसांसह. केवळ झाडासाठी झाड असे ओवीत क्वचितच येते. नदीला पूर आला की गावातल्या बायका काठावर जाऊन तिची ओटी भरतात. साडी-चोळी, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडतात. चिडलेल्या सासुरवाशिणीला समजावण्यासारखेच ते आहे. वाईला घाटाघाटांवर होणारा कृष्णाबाईचा उत्सवही याच वृत्तीतून टिकला. अफजलखानाच्या संकटात बोललेल्या नवसाशी त्याचा संबंध सांगितला जातो.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भिडतात आणि मग पाणी काटकोनात वळून पूर्वेला निघते. दोन नद्यांची अशी गळाभेट दुर्मीळ. तिला प्रीतिसंगम म्हटले गेले यात नवल नाही.

या मौखिक कवितेचे संकलन विसाव्या शतकात झाले आणि त्यात सांगली जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. वाळवा तालुक्यातल्या बागणी गावच्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीचे काम सांभाळत ओव्या, उखाणे, सणांची गाणी यांचे अनेक खंड संपादित केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखावर गेली.

दुष्काळी बाजूची कविता धनगरांनी सांभाळली. ढोलाच्या तालावर गजनृत्यासोबत म्हटल्या जाणाऱ्या धनगरी ओवीत बिरोबाची कथा आहेच, पण तिच्या पोटात रान, चारा, पाणवठा आणि मेंढरांची वाट हे सगळे येते. पावसाळ्यात माणदेशात राहायचे, दिवाळीच्या सुमारास मेंढरे घेऊन कोकणात किंवा नदीकाठच्या शेतांकडे उतरायचे, शेतात खतासाठी मेंढरे बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचे, असा तो वर्षाचा फेरा. आरेवाडीचा बिरोबा आजही ‘बना’तला देव म्हणून ओळखला जातो, देवाच्या नावाने राखलेली झाडी हा त्याच्या ठाण्याचाच भाग. जर्मन अभ्यासक गुंथर सोनथायमर यांनी ही ओवी ध्वनिमुद्रित करून तिचा गांभीर्याने अभ्यास केला, तोवर मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी तिच्याकडे पाठच फिरवली होती.

निसर्गाकडे लांबून पाहण्याची नजर महाबळेश्वरात एकोणिसाव्या शतकात आली. १८२४ साली जनरल लॉडविक हा अधिकारी पठारावर चढून आला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने इथे आरोग्यस्थान वसवायला घेतले आणि पुढच्या वर्षी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांशी करार करून वाई भागातल्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा कंपनीकडे घेतली. माल्कम पेठ उभी राहिली. कड्याकड्यांवर ‘पॉइंट’ ठरले आणि जुन्या नावांवर नवी बसली. नाके खिंडीचा केट्स पॉइंट झाला, मढीमाळाचा आर्थर सीट. गुराखी जिथून वासरू हाकत नेई, तिथे खुर्ची टाकून सूर्यास्त बघण्याची रीत सुरू झाली.

मराठी कवितेत ही नजर इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने शिरली. केशवसुतांनंतर रेव्हरंड ना. वा. टिळक आणि बालकवी यांच्यापाशी निसर्ग हाच कवितेचा विषय झाला. टिळकांच्या ‘वनवासी फूल’ या दीर्घ कवितेत रानातले फूल माणसाशी वाद घालते. त्यांनी १९१७ साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि शेवटची वर्षे तिथे काढली. बालकवी ही पदवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाली. ती देणारे अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर हे औषधी वनस्पतींचे नामांकित अभ्यासक होते. निसर्गकवीला पारखणारा वनस्पतिशास्त्रज्ञ असावा, इतका जुळून आलेला योग साहित्याच्या इतिहासात सहसा दिसत नाही. बालकवींच्या कवितेतून शेतकरी, गुराखी, पाणक्या ही माणसे जवळजवळ हद्दपार झाली आणि उरला तो एकटा पाहणारा. मराठी भाषेला त्यातून नवे रंग मिळाले, ही कमाई मोठीच. पण ओवीतले नाते त्यात हरवले, हेही खरे.

त्यांच्या ‘औदुंबर’ कवितेमुळे सांगली जिल्ह्यातले औदुंबर गाव पुष्कळांना आठवते. या दत्तक्षेत्राची काव्यपरंपरा मात्र स्वतंत्र आहे. कवी सुधांशु यांच्या या गावात १९३९ पासून कृष्णेच्या काठी साहित्य संमेलन भरत आले आहे. साताऱ्यात जन्मलेले कवी गिरीश आणि चाफळचे यशवंत या रविकिरण मंडळाच्या दोघा कवींपैकी गिरीशांनी ‘आंबराई’ या खंडकाव्यात निसर्ग पुन्हा गावात आणि माणसांच्या गोष्टीत आणून बसवला. ज्यांचे आडनाव साताऱ्याजवळच्या मर्ढे गावावरून आले, त्या बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ या १९४७च्या संग्रहात तर यंत्रांच्या शहरात माणूसच निसर्गापासून तुटलेला आहे.

सर्वांत लक्षणीय वळण ग. दि. माडगूळकरांच्या एका गीतात आहे. आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याला १९१९ साली जन्मलेला हा कवी दुष्काळाच्या बाजूचा. १९६७च्या ‘संथ वाहते कृष्णामाई’ या चित्रपटासाठी त्यांनी लिहिलेले आणि सुधीर फडक्यांनी गायिलेले शीर्षकगीत घरोघरी पोचले. त्यात नदीला ‘माई’ म्हटले आहे, पण ही माई काठावरच्या सुखदुःखांपासून अलिप्त वाहते. जात्यावरच्या बाईने जिला सगळे सांगितले, तिला काहीच ठाऊक नसते, असे म्हणणारी ही ओळखीच्या चालीतली अनोळखी कविता. रामदासांची विरक्ती आणि ओवीची जवळीक दोन्ही तिच्यात आहेत, म्हणूनच ती एवढी टिकली.

तोवर नदीही पहिली राहिली नव्हती. साठच्या दशकात कोयनेवर धरण झाले, त्याच्या पाण्याखाली खोऱ्यातली गावे गेली, आणि चित्रपट आला त्याच वर्षी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, कोयनानगरचा भूकंप झाला. पुढे वाईच्या वर धोमला कृष्णा अडवली गेली. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीत पुराने घरे बुडवली. पूर कधी ओसरेल हे आता धरणांतून सुटणाऱ्या पाण्याच्या आकड्यांवरून लोक ठरवतात, आणि त्याच दिवसांत काठावर कृष्णेची ओटीही भरली जाते. मागचा कन्यागत पर्वकाळ २०१६ साली सुरू झाला होता. पुढचा २०२८ मध्ये येईल.