रिंगणातली रांग

कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जोर-बैठका मारलेले माझे काका साठच्या दशकात इंजिनिअरिंगची पदवी घेऊन कॉव्हेंट्रीला आले आणि मोटारीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागले. जेवणाच्या सुट्टीत म्हातारे कामगार बॉक्सर टर्पिन भावांच्या गोष्टी सांगत. त्याच गोष्टी मग रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर आम्हा पोरांच्या वाट्याला येत.

टर्पिन शेजारच्या लेमिंग्टनचे. बाप लायोनेल ब्रिटिश गयानातला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांकडून लढला, विषारी वायूनं छाती निकामी करून घेतली आणि 1929 मध्ये गेला. धाकटा रँडॉल्फ तेव्हा वर्षाचाही नव्हता. गोऱ्या आईनं लोकांकडे झाडलोट करून पाच पोरं वाढवली. थोरला डिक बॉक्सिंगमध्ये उतरला, पण ब्रिटिश किताबासाठी लढायचं तर आई-बाप दोघंही गोरे हवेत, असा तेव्हाचा नियम. "काळा मार खायला चालतो, पट्टा बांधायला चालत नाही," काका म्हणत. मँचेस्टरच्या लेन जॉन्सनची अख्खी कारकीर्द या नियमानं खाल्ली.

1948 मध्ये हा नियम उठला. त्याच वर्षी 22 जूनला 'विंडरश' बोटीतून वेस्ट इंडीजची माणसं टिलबरीला उतरली आणि 28 जूनला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर डिकनं व्हिन्स हॉकिन्सला हरवून मिडलवेट किताब घेतला. इथं काका हातातली भाकरी खाली ठेवत, कारण पुढं रँडॉल्फ यायचा. 10 जुलै 1951, लंडनचं अर्ल्स कोर्ट. समोर शुगर रे रॉबिन्सन, तोवर फक्त एकदा हरलेला. पंधरा फेऱ्यांनंतर पंचांनी रँडॉल्फचा हात वर केला. जगज्जेतेपद टिकलं 64 दिवस. पुढं पैसा गेला, आयकरवाले मागं लागले, दिवाळं निघालं. 1966 मध्ये त्यानं स्वतःला गोळी घातली. हा शेवट काका सांगत नसत. तो मी मोठेपणी वाचला.

मी पाहिला तो काळ एरल क्रिस्टीचा. जमैकन घरातला हा मुलगा कॉव्हेंट्रीत वाढला, 'स्टँडर्ड ट्रायम्फ' या मोटार कंपनीच्या नावाच्या बॉक्सिंग क्लबात घडला. काका मला एकदा असल्या क्लबात घेऊन गेले होते. घामाचा आणि ओल्या चामड्याचा वास. एक पोरगा बाकावर बसून मुठीला कापडी पट्टी गुंडाळतोय, अंगठ्याला वेढा, मग मनगट, मग पुन्हा बोटांमधून. काका म्हणाले, "लंगोट बांधतानाही असंच मन लागतं." बाहेर रस्त्यावर तेव्हा स्किनहेड टोळ्या होत्या. 1981 मध्ये याच शहराच्या मध्यभागी सतनाम सिंग गिल या तरुणाला भोसकून मारलं. क्रिस्टी आधी रस्त्यावरच लढायला शिकला, यात नवल नाही. 1985 मध्ये वेम्ब्लीला मार्क केलरविरुद्धच्या लढतीला गोरा-काळा रंग इतका चढवला गेला, की बॉक्सिंग बाजूलाच राहिलं. आठव्या फेरीत क्रिस्टी पडला आणि त्याची चढती कमान तिथंच थांबली.

इंग्लंडच्या रिंगणातली रांग अशी: अठराव्या शतकात लंडनचा ज्यू डॅनियल मेंडोझा, मग आयरिश, पुन्हा ईस्ट एंडचे ज्यू, मग वेस्ट इंडियन, मग बोल्टनच्या पाकिस्तानी घरातला आमिर खान. जो नवा येतो आणि ज्याला दुसरीकडं कुणी उभं करत नाही, तो या रांगेत लागतो. पोरं डॉक्टर-वकील झाली की रांग पुढं सरकते.

आमच्या मराठी माणसांतलं कुणी या रांगेत कधी लागलं नाही. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी त्याचं श्रेय संस्कारांना द्यायचं आणि काका भडकायचे. "संस्कार नव्हेत, सर्टिफिकेट! आपण पदवी घेऊन विमानानं आलो. गोळेश्वरच्या पैलवान खाशाबाला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. तोही आपलाच ना?" मला त्यांचं पटतं. गरिबी आपल्याकडेही अंगमेहनतीच्याच खेळात उतरली. फक्त ती माणसं कॉव्हेंट्रीपर्यंत पोचली नाहीत.

वॉरिकच्या बाजारचौकात 2001 पासून रँडॉल्फचा पुतळा आहे. इकडं नातेवाइकांकडे आलात तर ते तुम्हाला वॉरिकचा किल्ला दाखवायला नेतीलच. किल्ल्याआधी पुतळा बघा.